नवव्या भागातलं नाव

शरच्चंद्र निमकरांनी तेजसचा उजवा हात मागे ओढून पाठीवर पिरगळला आणि मनगट हळूच वर सरकवलं. तेजस आधी हसला.

"हे असं," निमकर बाकीच्यांकडे बघत म्हणाले. "आवाज चढवायचा नाही. घाई करायची नाही. एकेक बोटभर वर न्यायचं."

"ओके काका, कळलं."

निमकरांनी आणखी बोटभर वर नेलं. तेजसचं हसू गेलं. त्याचे गुडघे वाकले, गाल सोफ्याच्या पाठीवर दाबला गेला आणि तोंडातून एक बारीक आवाज निघाला, जो त्याचा त्यालाच ओळखू आला नसावा.

"आता विचारा त्याला काहीही. बँकेचा पासवर्ड विचारा. सांगेल."

"सोडा त्याला," सरोजिनीबाई म्हणाल्या. "माझ्या घरी पाहुण्यांना चहा देतात."

निमकरांनी हात सोडला. तेजस खांदा धरून खाली बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून तो लॅपटॉपची वायर टीव्हीला जोडायच्या खटपटीला लागला. डाव्या हाताने ती नीट जोडता येत नव्हती.

वारज्यातल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हे तिघे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी जमत. 'हेर क्रमांक अकरा' ही त्यांची मालिका. सत्त्याऐंशी साली तेरा भाग दाखवून ती बंद पडली होती. तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या सरोजिनीबाईंना तिचे संवाद पाठ होते. निमकर पोलीस इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले. मालिकेतला मेजर हा आजवर पडद्यावर आलेला एकमेव खरा अधिकारी, असं त्यांचं मत होतं. मालिका लागली तेव्हा तेजसचा जन्मही झाला नव्हता. पण त्यानेच कुठून तरी बुरशी धरलेल्या कॅसेटी मिळवल्या आणि हिंजवडीतली नोकरी सांभाळून एकेक भाग कॉम्प्युटरवर साफ केला. इतर बारा भागांबद्दल तिघांचं एकमत होतं. भांडण होतं ते नवव्या भागावरून.

नवव्या भागात मेजर एका पकडलेल्या माणसाला गोदामात बांधून मारतो. शहरात कुठे तरी बाँब ठेवलाय आणि तो कुणी ठेवला, हे त्याला हवं असतं. सलग सहा मिनिटं कॅमेरा हलत नाही. शेवटी तो माणूस एकच शब्द बोलतो, "वसंता." पुढच्या प्रसंगात वसंता नावाचा तरुण घराच्या दारातच गोळी लागून पडतो. बाँब फुटत नाही. भाग संपतो.

"बाँब फुटला नाही, म्हणजे वसंताच होता," निमकर वर्षानुवर्षं म्हणत.

"बाँब नव्हताच, म्हणून फुटला नाही," सरोजिनीबाई म्हणत. "तुम्ही एक निष्पाप पोरगा दारात मारलात आणि वर टाळ्या मागता."

"मी नाही. मेजरने."

"तेच ते."

आज मात्र चौथा माणूस होता. बाल्कनीच्या दाराशी, खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेला. डोक्याला पांढरी टोपी, अंगात इस्त्रीचा सदरा. सोनबा. हिंजवडीत त्याच्या घरच्यांनी शेताच्या जागी बांधलेल्या इमारतीत तेजस भाड्याने राहत होता. महिन्यापूर्वी तेजस खोलीत नववा भाग पुन्हा एकदा साफ करत होता आणि सोनबा पाण्याच्या टाकीबद्दल सांगायला दारात आला होता. पडद्याकडे बघून तो म्हणाला होता, "त्यो मी हाय."

गोदामात मार खाणारा माणूस.

तेजसने भाग सुरू केला. विटलेल्या रंगांत मेजरचा हात उठला. पहिली थोबाडीत. दुसरी. खुर्चीसकट माणूस खाली पडतो, मेजर त्याला केसाला धरून उठवतो. तिसरी. चौथीला तोंडातून काही तरी उडून फरशीवर पडतं. सरोजिनीबाई नेहमीप्रमाणे या ठिकाणी खिडकीबाहेर बघू लागल्या. निमकर पुढे सरकून बसले. सोनबा पडद्याकडे बघत नव्हता. तो बशीतला चहा पीत होता. पण पडद्यावर प्रत्येक फटका पडण्याच्या क्षणभर आधी त्याची मान डावीकडे जरा झुकत होती.

"वसंता," पडद्यावरचा माणूस म्हणाला.

तेजसने चित्र थांबवलं.

"सोनबा, आता तुम्हीच सांगा," सरोजिनीबाई म्हणाल्या. "आम्ही कित्येक वर्षं भांडतोय. हा तुमचा माणूस खरं बोलतोय की खोटं? दिग्दर्शकाने तुम्हाला काय सांगितलं होतं?"

सोनबाने बशी खाली ठेवली. "बाई, जरा ह्या बाजूनं बोला. त्यो कान बंद हाय."

त्या उठून त्याच्या उजव्या बाजूला आल्या आणि पुन्हा विचारलं.

"मला बोलायचंच नव्हतं," सोनबा म्हणाला. "कागदावर आसं व्हतं, की ह्यो मानूस काय बी न सांगता मरतो. मुकाट. मला घेतलंच त्याच्यासाठी, मला कुठं बोलायला येत व्हतं? गोदामावर हमाली करायचो, तिथनं उचललं."

"मग?"

"पयल्यांदा त्यो मेजर नुसता हात फिरवायचा. डायरेक्टर म्हनला, खोटं दिसतंय. खरं मार. मंग त्यानं मारलं. डायरेक्टर म्हनला, आजून." सोनबाने टोपी काढून मांडीवर ठेवली. "दात पडला त्यो माझाच हाय. कान बी त्याच टायमाला गेला. मी म्हनत व्हतो, थांबा, थांबा. त्यान्ला वाटलं, काम चांगलं करतोय. हात तर बांधलेले. मंग मला वाटलं, ह्ये नाव नाव करत्यात, तर एक नाव द्यावं. थांबतील."

"आणि तुम्ही वसंता म्हणालात."

"माझा धाकला भाऊ. तोंडात घरचंच नाव आलं."

खाली सोसायटीत कुणी तरी गाडी मागे घेत होतं, तिचं बीप बीप ऐकू येत राहिलं.

"डायरेक्टरला लई आवडलं," सोनबा म्हणाला. "रातोरात म्होरलं लिवलं. दुसऱ्या दिवशी कुठनं तरी एक पोरगं आनलं आन् त्याला वसंता करून गोळी घातली. टीव्हीवर लागलं तवा आक्खं गाव आमच्या घरी. सगळी हसली. वसंता बी हसला. मंग रातच्याला मला म्हनला, दादा, माझंच नाव का रं?"

"काय सांगितलंत?"

"काय सांगनार."

सरोजिनीबाई निमकरांकडे वळल्या. जिंकल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता, पण सवय जात नाही. "ऐकलंत, निमकर? अडतीस वर्षांच्या प्रश्नाचा निकाल लागला."

"एका हमालाच्या बडबडीवरून?" निमकर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा खालच्या पट्टीत होता. "नट घाबरला म्हणून पात्र निर्दोष होत नाही. बत्तीस वर्षं नोकरी केली मी. माझ्या खोलीत घेतलेलं एकही नाव चुकीचं निघालेलं नाही."

"कशावरून?"

"मी सांगतोय यावरून."

सोनबाला बहुधा अर्धंच ऐकू आलं असावं. त्याने मान हलवली, समजूत घातल्यासारखी. "सायेब, मारनाऱ्याला नाव पायजे आसतंय. कुनाचं बी. त्येचा हात दुखायला लागलेला आसतो."

निमकर उठले ते कुणाला नीट कळलंच नाही. दोन पावलांत ते बाल्कनीपाशी होते. त्यांनी सोनबाच्या सदऱ्याचा गळा धरून त्याला उभं केलं आणि उघड्या हाताने थोबाडीत मारली. सत्तरीतल्या माणसाचा हात वाटला नाही तो. सोनबा खुर्चीवर आपटून खाली गेला. बशी फुटली. निमकर वाकले, त्यांनी त्याला पुन्हा गळ्याशी धरून अर्धवट उचललं आणि दुसरी मारली, मग तिसरी, घाई न करता, आवाज न चढवता. तिसरीला सोनबाचं डोकं बाल्कनीच्या दाराच्या लोखंडी चौकटीवर आदळलं. तेजस ओरडत मध्ये पडला. निमकरांच्या कोपराचा फटका त्याच्या नाकावर बसला आणि रक्ताची धार शर्टावर आली, तरी त्याने त्यांची कंबर सोडली नाही. तो त्यांना मागे ओढत राहिला. दोघे टीपॉयवर कोसळले.

सोनबा फरशीवर बसूनच होता. ओठ फाटला होता. कपाळातून आलेलं रक्त भुवईत थांबून डोळ्यात उतरत होतं. त्याने हात वर केला नव्हता, चेहराही झाकला नव्हता. निमकरांकडे तो असा बघत होता, जणू त्यांनी रस्ता विचारला आहे.

"आता कुनाचं नाव सांगू, सायेब?" तो म्हणाला.

निमकरांचा उजवा हात दुखायला लागला होता. त्यांनी तो डाव्या हातात धरला.

"चालते व्हा," सरोजिनीबाई म्हणाल्या. "पुन्हा या घराची पायरी चढायची नाही. तेजस, टॉवेल आण. आणि दवाखान्यात फोन कर. त्यानंतर पोलिसांना."

निमकर पायऱ्या उतरून गेले. चपला वरच राहिल्या, हे त्यांना पार्किंगमध्ये आल्यावर पायांना चटका बसला तेव्हा कळलं. ते वर गेले नाहीत.

दुपारी चौकीतून फोन आला. तरुण अधिकारी होता, अदबीने बोलत होता. "सर, त्या गृहस्थांना सात टाके पडलेत. पण तक्रार द्यायची नाही म्हणतात. बाईंनी फार आग्रह केला, तरी नाही. तुम्ही सीनियर आहात, म्हणून म्हटलं कळवावं. विषय संपला, सर."

"का नाही देत तक्रार?"

"म्हणाले, नाव सांगायचं नाही."

निमकरांनी फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्कूटर काढली आणि खडकवासल्याच्या रस्त्याला लागले. धरणाच्या भिंतीजवळ, पाण्याच्या कडेने भाजलेल्या कणसांच्या गाड्या लागतात. त्यांतली शेवटून तिसरी साईनाथची. गेली चौदा वर्षं ती तिथे आहे, हे निमकरांना माहीत होतं. मुलं-नातवंडांना घेऊन ते इथे आले की म्हणत, त्या टोकाकडे नको, तिकडे धूळ फार असते.

चौऱ्याण्णव साली एका सराफाचा खून झाला होता. संशयावरून धरलेल्या एकाने निमकरांच्या खोलीत दुसऱ्या दिवशी नाव घेतलं: साईनाथ. तो त्याचा शाळेतला सोबती होता. साईनाथला उचलून आणलं. तो, मी नव्हतोच, असं म्हणत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने सही केली. बोटांना धरता येत नव्हतं म्हणून पेन हवालदाराने धरून दिलं. या कामगिरीबद्दल निमकरांना प्रशस्तिपत्र मिळालं. सहा वर्षांनी वरच्या कोर्टाने साईनाथला सोडलं. "पुराव्याअभावी," निमकर नेहमी सांगत, आणि त्या शब्दावर जोर देत.

सोमवार असल्याने गर्दी नव्हती. पाण्यावरून वारा येत होता. साईनाथ शेगडीतले निखारे पुठ्ठ्याने फुलवत होता. केस पांढरे झाले होते, जाड भिंगाचा चष्मा होता. शेजारी त्याची बायको कणसं सोलत बसली होती. निमकरांनी येताना एक वाक्य तयार केलं होतं. सिंहगड रस्त्यावर त्यांनी ते दोनदा स्वतःशी म्हणूनही बघितलं होतं. गाडीपासून चार पावलांवर ते थांबले.

साईनाथने वर बघितलं. पुठ्ठा हलायचा थांबला.

"ओळखलंस?" निमकर म्हणाले. त्यांना हे म्हणायचं नव्हतं.

"हो, साहेब."

"मला तुला एक विचारायचं होतं."

साईनाथने मान हलवली. मग तो बायकोकडे वळला. "नळावरून पाणी घेऊन ये गं जरा."

"भरलंय की सकाळीच."

"ते ओत आणि दुसरं आण. लगेच येऊ नको."

तिने दोघांकडे बघितलं, बादली उचलली आणि गेली. ती धरणाच्या भिंतीआड दिसेनाशी होईपर्यंत साईनाथ तिच्याकडे बघत राहिला. मग तो गाडीच्या मागून बाहेर आला, निमकरांच्या समोर, हाताच्या अंतरावर उभा राहिला. त्याने चष्मा काढला, दांड्या मिटल्या, तिखटमिठाच्या वाटीशेजारी नीट ठेवून दिला आणि दोन्ही हात बाजूला सोडून डोळे मिटून घेतले.