बाणातला ण

राहीबाईला त्या दिवशी खरं तर कुणाशीच बोलायचं नव्हतं. वर्षभरात पोलीस तिसऱ्यांदा चाळीत आले होते, आणि दर वेळी तेच: खोल्या उघडा, माणसं बाहेर काढा, हा कुठला, तो कुठला. कामतघरच्या भातशेतीत कापडाच्या लूमचे कारखाने उभे राहिले तेव्हा तिच्या नवऱ्याने उरल्यासुरल्या तुकड्यावर ही चाळ बांधली होती. तो गेला आणि सगळ्या कटकटी तिच्या पदरात टाकून गेला. दारं उघडून उघडून ती पार विटली होती.

अठ्ठ्याण्णव साल होतं आणि या वेळी बांगलादेशी शोधायचे होते. जो बंगाली बोलेल तो सीमेपलीकडचा, असं पेपरवाल्यांपासून पानवाल्यांपर्यंत सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. बंगाल आपल्याही देशात आहे म्हणून सांगायला जावं, तर लोक सांगणाऱ्याकडेच संशयाने बघत.

चाळीत बंगाली एकच होता, तोराब. मालदा जिल्ह्यातला. चौऱ्याऐंशीच्या दंगलीनंतरच्या वर्षी लूमवर कामाला आला तो राहीबाईच्या शेवटच्या खोलीत राहिला, आणि तिथेच त्याचे केस पिकायला लागले. आला तेव्हा त्याला हिंदी धड येत नव्हती, आणि राहीबाईच्या हिंदीचाही आनंदच होता. मग दोघांनी तिच्याच बोलीत जमवून घेतलं. शिफ्ट संपवून आला की ओट्यावर बसून तो तिच्याबरोबर सुकट निवडायचा आणि हाय-न्हाय करत ऐटीत बोलायचा. कारखान्यातले लोक त्याला हसत. राहीबाईला मात्र त्याचं भारी कौतुक होतं, कारण तिच्या पोटच्या पोराने ही बोली केव्हाच टाकून दिली होती.

तो पोरगा, केसरीनाथ, ठाण्याला एका ऑफिसात कारकून होता. नवा नवा लागला तेव्हा त्याच्या 'न'ला आणि 'ल'ला तिथले लोक इतके हसले की त्याने आरशासमोर उभं राहून जीभ वळवून घेतली. आता तो घरातही ऑफिसातलं मराठी बोलायचा, आणि पाहुण्यांसमोर आईने तोंड उघडलं की चुळबुळायला लागायचा. राहीबाईला याचं वाईट वाटे, पण बोलून उपयोग नव्हता.

आलेले साहेब देशावरचे होते. सकाळपासून चाळीमागून चाळी पालथ्या घालून तेही दमले होते. तोराबने रेशनकार्ड पुढे केलं, ते त्यांनी बघितलंही नाही. कार्डं विकत मिळतात, म्हणाले. मग राहीबाईने त्यांना प्यायला दिलेला पेला उचलून त्यांनी तोराबला विचारलं, "हे काय आहे?"

ही परीक्षा एव्हाना निजामपुऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक झाली होती. आपल्याकडचा बंगाली 'जल' म्हणतो आणि पलीकडचा 'पानी', असं कुणीतरी साहेबांच्या डोक्यात भरवलं होतं. खरं म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना हिंदू जल म्हणतात आणि मुसलमान पानी, हे तोराबनेच मागे राहीबाईला सांगितलं होतं. तरी विचारलं तर 'जल' म्हणायचं, हे त्याने पाठ करून ठेवलं होतं. पण साहेबांनी विचारलं मराठीत. मराठीत विचारल्यावर मराठीत उत्तर देऊन दाखवावं, असा मोह त्या वेड्याला पडला. इतक्या वर्षांची कमाई होती ती.

"पानी हाय, सायेब," तो म्हणाला.

साहेबांनी मान डोलावली आणि हवालदाराला खूण केली.

राहीबाई मध्ये आली. "सायेब, ती आमची बोली हाय. मीच शिकवलीय त्याला. आमी पानीच बोलताव."

"बाई, मराठीत पाणी म्हणतात," साहेब समजुतीने म्हणाले. "बाणातला ण. म्हणा बघू."

सगळी चाळ जमली होती. राहीबाईने जीभ टाळूला लावून पाहिली, तोंड वाकडं करून पाहिलं. आला तो 'न'च. मागे कुणीतरी हसलं. याच मातीत जन्मलेली बाई, आणि तिला स्वतःच्या अंगणात तोंड उघडून आपण इथल्या आहोत हे दाखवावं लागत होतं. तिला लाज वाटली नाही, नुसता शीण आला.

सुट्टी म्हणून घरीच असलेला केसरीनाथ दारात उभा होता. साहेब त्याच्याकडे वळले. "तुम्ही शिकलेले दिसता. तुम्ही सांगा, तुमच्यात पानी म्हणतात?"

हो म्हणायचाच अवकाश होता. साहेबांनाही हे एकदाचं संपवायचं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तोराब केसरीनाथकडे बघत होता. केसरीनाथ आईकडे बघत नव्हता.

"नाही साहेब," तो म्हणाला. "आम्ही पाणीच म्हणतो."

'ण' अगदी स्वच्छ होता.

तोराब भांडला नाही. जीपमध्ये चढताना राहीबाईला एवढंच म्हणाला, "येतंव, मावशे." निघताना जातो म्हणायचं नसतं, हे त्याला इथेच कळलं होतं. जीप वळून दिसेनाशी झाली आणि लोक आपापल्या ड्युटीला गेले.

घरात येऊन केसरीनाथ बराच वेळ समजावत राहिला. उद्या आपल्यावरच शेकलं असतं, बांगलादेश्यांना थारा देतात म्हणून नाव झालं असतं, नोकरीवर आलं असतं. त्याचं काही अगदीच खोटं नव्हतं. राहीबाई भिंतीला टेकून ऐकत होती. बोलून बोलून त्याच्या घशाला कोरड पडली.

"आई, थोडं पाणी दे."

राहीबाई जागची हलली नाही. रागवायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"काय मांगतस?" ती म्हणाली. "तुजी भासा मना कलत न्हाय."