मोगऱ्याशेजारचं कॉम्फ्रे

कापडाचं दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून धरमचंदशेठांचा दिवस जाता जात नव्हता. नारायणगावात त्यांच्या घरामागे बेताचं परसू होतं, पण तिथे राज्य कस्तुरबाईंचं. मोगऱ्याची ओळ त्या लेकरासारखी जपत. शेठांना नळी धरून उभं राहण्यापलीकडे काम नसे.

फाल्गुनात त्यांची पुतणी सिद्धी कुन्नूरहून माहेरी आली. तिकडे तिची मोठी बाग आहे. येताना तिने काकांसाठी ओल्या कापडात गुंडाळून बोटाएवढी काळी मुळी आणली.

"हे कॉम्फ्रे. पानं कापून टोमॅटोच्या बुडाशी पसरायची, खताचं काम करतात. फक्त जागा विचार करून निवडा, काका. एकदा लागलं की ते हलत नाही."

शेठांनी खत तेवढं ऐकलं. मोगऱ्याशेजारची माती भुसभुशीत होती, म्हणून मुळी तिथेच लावली.

उन्हाळाभर भांड्यांचं पाणी पिऊन झाड माजलं. पानं गाढवाच्या कानाएवढी झाली, वर जांभळी घंटेसारखी फुलं लटकली. शेठ आल्यागेल्याला धरून परसात नेत. एकाने "तंबाखू लावलाय वाटतं?" असं विचारल्यावर मात्र ते दोन दिवस फुगून बसले.

मग पानांची खरखरीत लव लागून कस्तुरबाईंच्या मनगटाला खाज सुटली.

"अहो, माझा मोगरा गुदमरतोय. याला घालवा."

"मुळासकट?"

"मला काय विचारता? लावताना विचारलं होतंत?"

शेठ अडचणीत आले. त्यांच्या जैन घरात कांदा-बटाटासुद्धा येत नाही. जमिनीखालचं मूळ आपल्या हाताने उकरायचं त्यांच्या जिवावर आलं. दुसऱ्याच्या हातून झालं तर पाप निम्मं होईल, असा हिशेब करून त्यांनी कुशाबाला बोलावलं. कुशाबा भीमाशंकराकडचा, भातलावणी आटोपली की छोटा पॉवर टिलर घेऊन खाली यायचा.

"लई सोपं हाय, शेठ. व्हत्याचं न्हव्हतं करून टाकतो."

मोगऱ्याची ओळ तेवढी सोडून त्याने सगळं परसू उभं-आडवं फिरवलं. माती रव्यासारखी झाली. झाडाचा मागमूस राहिला नाही. कुशाबाला चहा मिळाला, शेठांना जेवताना जास्तीची पुरणपोळी मिळाली, आणि घरात शांतता नांदली.

श्रावणात एका सकाळी शेठ नळी घेऊन बाहेर आले आणि तिथेच थांबले. कपडे धुवायच्या दगडाजवळ, भिंतीच्या कडेला, मोगऱ्याच्या दोन रोपांच्या मधोमध, सगळीकडे हिरवे लवदार कान वर आले होते. त्यांनी हळूच दार लोटलं आणि सिद्धीला फोन लावला.

"काका, मशीन फिरवलंत?" ती हसायची थांबेना. "अहो, मुळीचा प्रत्येक तुकडा उगवतो. तुम्ही झाड काढलं नाहीत, पेरलंत."

तेवढ्यात कस्तुरबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी परसावर सावकाश नजर फिरवली.

"महाराजसाहेब सांगतात, कंदमुळात अनंत जीव असतात. तुम्हाला दर वर्षी व्याख्यानात डुलकी लागते. आता घ्या मोजायला."

शेठांनी काही उपाय शोधायच्या आत पर्युषण लागलं. त्या दिवसांत हिरव्याला विळा लावायचा नाही. पाऊस मात्र उपवास धरायला तयार नव्हता. कॉम्फ्रे गुडघ्याला आलं. दिवसभरातल्या दोषांची कबुली द्यायला प्रतिक्रमणाला बसलेल्या शेठांच्या डोळ्यांपुढेही पानंच यायची.

पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीच्या संध्याकाळी, क्षमा मागायला त्यांनी सगळ्यांत आधी बायकोपुढे हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्. न विचारता लावलं. वर मशीनही फिरवलं."

कस्तुरबाई हसतील असं त्यांना वाटलं होतं. त्या पदराशी चाळा करत राहिल्या.

"मलाही म्हणायचंय," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नाही, त्याला. जेठ महिन्यात तुम्ही दुपारी आडवे झालात की मी त्याच्यावर उकळतं पाणी ओतत होते."

"रोज?"

"जवळजवळ. पानं काळी पडायची, आणि आठवड्यात आधीपेक्षा मोठी यायची. मेल्याने एकदा तरी मरून दाखवावं."

शेठांना हसू आवरेना. मग कस्तुरबाईही हसल्या. दोघं परसाच्या पायरीवर जाऊन बसले. पानांवर पाऊस वाजत होता. कस्तुरबाई म्हणाल्या, "हे आता इथलंच झालं. मोगरा पुढच्या अंगणात हलवू."

पर्युषण सरल्यावर तसंच केलं. मोठ्या कुंड्या आणल्या, आणि मोगऱ्याच्या मुळांत कॉम्फ्रेचा एक तुकडाही येऊ नये म्हणून कस्तुरबाईंनी चष्मा लावून माती चाळली. मागच्या अंगाला टोमॅटो लावले. महिन्या-दीड महिन्याने शेठ हातमोजे घालून पानं कापतात आणि टोमॅटोच्या बुडाशी पसरतात. फुलं येऊ लागली की कस्तुरबाईच कापायची आठवण करून देतात. मुळाला दोघंही हात लावत नाहीत.

गेल्या आठवड्यात गल्लीतल्या रत्नाबाई मुळी मागायला आल्या. शेठ उत्साहाने उठले. कस्तुरबाईंनी त्यांना खुणेने खाली बसवलं.

"देते की, उकरायची मात्र तुम्हीच," त्या रत्नाबाईंना म्हणाल्या. "आधी चला, तुमची जागा दाखवा."