घर बघायला आलेली हुसेनबी

मंजुषाच्या घरात दाराला कडी लागत नसे. कडी होती, चांगली पितळी होती, वीरेशनं घर बांधताना हौसेनं आणलेली. पण ती लागली की मंजुषाला आत श्वास पुरत नसे. दिवसा दार सताड उघडं, खाली वरवंटा टेकवलेला. रात्री अर्धं लोटलेलं. न्हाणीला तर नुसता पडदा. लातूरसारखं शहर, खाली वीस पोरींची मेस, वर क्लासच्या पोरींना दिलेल्या चार खोल्या, आणि दार असं. कोणी विचारलंच तर वीरेश म्हणायचा, "चोरांना बी माहीत हाय, इथं भाकरीशिवाय काय घावणार न्हाई."

खरं कारण तो सांगत नसे. त्र्याण्णवच्या भूकंपात मंजुषा तेरा वर्षांची होती. औसा तालुक्यातलं तिच्या माहेरचं गाव. भिंत कलली, चौकट तिरपी झाली, आणि आतली कडी अशी आवळून बसली की आई आणि ती दोघी मिळून ओढत होत्या तरी निघेना. दुपारी माणसं आली, कुऱ्हाडीनं दार फोडलं. त्या दोघी निघाल्या. मागच्या खोलीत निजलेला थोरला भाऊ निघाला नाही. तेव्हापासून मंजुषा आणि उघडं दार यांची जोडी पडली ती पडलीच. वीरेशनं लग्नात ते पत्करलं, कोणी बायकोचं घोरणं पत्करावं तसं.

तर अशा घरात मांजर यायचं होतं.

त्याचं असं झालं, की लेक अनुजा दोनदा परीक्षेला बसून शेवटी मिरजेला डॉक्टरकीला गेली आणि घर एकदम मोठं झालं. मेसच्या पोरी होत्या म्हणा. पण त्या दहा मिनिटांत जेवून पळायच्या. त्यांच्या वेळापत्रकात गप्पांना रकानाच नव्हता. मेथी निवडताना मंजुषा एकटीच बोलत बसायची. एक दिवस वरच्या खोलीतल्या पंचशीलानं मोबाईलवर मांजरांची चित्रं दाखवली आणि मंजुषाच्या डोक्यात ते शिरलं.

मग तिनं स्थळं बघावीत तशी मांजरं बघितली. पांढरंशुभ्र, झुपकेदार पर्शियन पहिल्याच फेरीत बाद. एक तर लातूरचा मे महिना, दुसरं म्हणजे भाकरीत एक केस सापडला की मेस बुडाली. निळसर करड्या गोल तोंडाचं विलायती होतं, अंगावर केस आखूड, देखणं. पण ते म्हणे मांडीवर यायचं नाही, पाटलासारखं एका जागी बसायचं. तिला बैठकीतलं मांजर नको होतं, चुलीजवळचं हवं होतं. असं शोधता शोधता बर्मीज सापडलं. रंग कडक कॉफीचा, केस अंगाला चिकटलेले, मखमल पांघरल्यागत. माणसांशिवाय राहत नाही, आणि बोललं की उलट बोलतं.

"म्हणजे तुझ्यासारखीच," वीरेश म्हणाला. "एक होती ती कमी होती का?"

पण नांदेडच्या एसटीत तोच तिच्या शेजारी बसला होता.

हुसेनबी नांदेडच्या इतवाऱ्यात राहायची. पासष्टीची बाई. पोट ब्लाउज शिवण्यावर आणि जीव मांजरांवर. हैदराबादच्या भावानं एक जोडी आणून दिली होती, तिचीच ही पिल्लं. आल्या आल्या तिनं दोघांना चटईवर बसवलं आणि बजावलं, की बोलवायचं नाही, हात लावायचा नाही, मागं पळायचं नाही. तासभर नुसतं बसायचं. "मी बिल्ली विकत न्हाई बाई, देते," ती म्हणाली. "पैसे घेते ती गोष्ट अलग."

तीन पिल्लं होती. एक पलंगाखालून निघालंच नाही. एक वीरेशची चप्पल घेऊन पसार झालं. तिसरी सरळ चालत आली, मंजुषाच्या पदरावरून खांद्यावर चढली आणि तिच्या गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीला पंजानं टपल्या मारायला लागली. मंजुषा हलली नाही. तास संपायच्या आत ती कॉफीच्या रंगाची पोर तिच्या मानेशी झोपून गेली.

मग चौकशी सुरू झाली. घरात माणसं किती, दुपारी कोण असतं, औषधपाणी कोण करील. तुम्ही तर गोश्त खात नाही, हिला काय घालणार? मंजुषा म्हणाली, पाकिटातलं घालीन, आणि पाकिटावर कशाचं चित्र आहे ते आमचे मालक बघणार नाहीत. वीरेशनं छताकडं बघितलं. हुसेनबीला हे उत्तर आवडलं.

"आणि दार? बंद असतं ना घराचं?" तिनं विचारलं. "ह्या जातीला डर नावाची चीज न्हाई. कुणाच्या बी मागं जाते, रिक्षात बसते. भोकरला दिलेली एक अशीच गेली माझी. दार उघडं टाकणाऱ्याला मी देत न्हाई."

मानेशी ऊब होती. मंजुषा म्हणाली, "हाव, बंद असतं."

वीरेशनं परत छताकडं बघितलं.

"ठीक. तीन महिन्यांनी मी येते घर बघायला," हुसेनबी म्हणाली. "दार उघडं दिसलं तर परत घेऊन जाईन. पैसे बी परत देईन, पण घेऊन जाईन."

नाव चिकू पडलं, रंगावरून. पहिल्या आठवड्यात तिनं घराची हजेरी घेतली. मंजुषा पीठ मळायला बसली की ही समोर, काठवटीपासून वीतभर दूर. भाकरी थापली की ही "म्याँव" म्हणायची, उलटली की परत. पोरी जेवायला आल्या की प्रत्येकीच्या पायाला एकदा अंग घासून जायची, कोणाला वगळायची नाही. आणि गंमत म्हणजे पोरी दहाची वीस मिनिटं बसायला लागल्या. मंजुषाला कळलं, की कोणाच्या पोटात दुखतंय, कोणाचा बाप फोनवर मार्क विचारतो. वीरेश महिनाभर "तुझं मांजर" म्हणत होता. मग एक दिवस तो आजोळच्या कानडीत "बा इल्ली, बा इल्ली" करताना सापडला, आणि मराठीला न येणारी चिकू कानडीला धावत येत होती.

दाराचं मात्र घोंगडं भिजत होतं. वीरेशनं जाळीचं दार बसवलं. मंजुषानं ते चालवून घेतलं, कडी लावायची नाही ह्या अटीवर. चिकूनं तीन दिवसांत त्याच्या फटीत पंजा घालायला शिकून घेतलं. एकदा ती पंक्चरवाल्याच्या मांडीवर मिळाली. एकदा कोपऱ्यावरच्या क्लासमध्ये, मागच्या बाकावर, फिजिक्स ऐकताना. तिथले सर म्हणाले, घेऊन जा, हिच्याइतकं लक्ष देणारं वर्गात कोणी नाही, पोरांना लाज वाटते. सगळे हसले. मंजुषा पण हसली, पण घरी येईपर्यंत तिनं चिकूला पदरात घट्ट गुंडाळून धरलं. रस्त्यावर दिवसभर क्लासच्या बसगाड्या.

तीन महिने भरले आणि हुसेनबीचा फोन आला, रविवारी येते. शनिवारी वीरेशनं जाळीच्या दाराला कडी ठोकली. दुपारी त्यांनी रंगीत तालीम केली. कडी लावली, मंजुषा आत पाटावर बसली, वीरेश घड्याळ धरून समोर. सहाव्या मिनिटाला तिच्या ओठांचा रंग गेला. त्यानं उठून कडी काढली आणि म्हणाला, "उद्या तू अंगणात बस, मी सांगतो बायको गावाला गेली."

"माझ्याच घरी पाहुणी येणार आणि मी अंगणात?" ती म्हणाली. "नको. निभावते मी."

हुसेनबी अकराला आली. नवा बुरखा, हातात वेताची झाकणाची टोपली. ती टोपली कशासाठी ते कोणी विचारलं नाही. चिकूनं तिला ओळखलं आणि लगेच मंजुषाच्या मांडीवर परतली. खिडक्यांच्या जाळ्या, पाण्याचं भांडं, कान, दात, सगळं बघून झालं. कडी लागलेली होती. मंजुषा पोहे देत होती, बोलत होती, आणि मनात आकडे मोजत होती.

शेजारच्या मोकळ्या जागेत नवीन हॉस्टेल उठणार होतं. तिथं बोअर मारायची गाडी आली होती, हे सकाळच्या गडबडीत कोणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. साडेअकराला ती सुरू झाली. आधी फरशी गुरगुरली, मग मांडणीवरच्या ताटल्या वाजायला लागल्या.

मंजुषाला पुढचं आठवत नाही. वीरेश सांगतो, तिनं कडी काढली नाही, उपटली. ती अंगणात चाफ्याजवळ उभी होती, हातात पोह्यांचा झारा, दार सताड उघडं, आणि तिच्या पाठोपाठ धावलेली चिकू फाटकाच्या गजांतून अर्धी बाहेर. हुसेनबीनं, गुडघे दुखत असताना, झडप घालून तिला मागचे पाय धरून ओढलं.

बोअरची गाडी थांबली. मंजुषानं झारा खाली ठेवला, हुसेनबीच्या हातातून चिकूला घेतलं, एकदा कपाळाला कपाळ लावलं, आणि आत जाऊन स्वतःच्या हातानं तिला टोपलीत घातलं.

"चाची, मी खोटं बोलले," ती म्हणाली. "आमच्यात दार बंद होत न्हाई. माझ्यानं होत न्हाई." आणि तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं; गावाचं, कडीचं, भावाचं. इतक्या वर्षांत वीरेशनं ते सलग असं पहिल्यांदाच ऐकलं. "तुमची अट बरोबर हाय. घेऊन जा. माझ्या दारापायी तिचा जीव जायला नको."

टोपलीतून चिकू ओरडत होती. हुसेनबी पाटावर बसली, गुडघे चोळले.

"त्या रोजी नांदेडला बी भांडी पडली होती," ती म्हणाली. मग वीरेशकडं वळून विचारलं, "सुतार कोण हाय हो तुमच्याकडं?"

वीरेशला काही कळेना.

"माझे मियाँ कबुतरं पाळायचे. कबुतराच्या खोलीला कडी नसते भाऊ, दोन दारं असतात. एक उघडून आत जायचं, ते आपल्या आप मिटतं, मग दुसरं. दोन्हीच्या मधी एक माणूस उभं राहील एवढीच जागा. स्प्रिंग अशी टाईट, की पाखराला रेटत न्हाई, बिल्लीला रेटणार न्हाई. माणूस मात्र नुसता धक्का देऊन बाहेर. डोळे मिटून बी बाहेर." ती मंजुषाकडं बघून म्हणाली, "कडीच न्हाई, तर अडकणार काय?"

वीरेश चपला न घालताच निवृत्ती सुताराकडं निघाला. निवृत्तीनं येऊन माप घेतलं आणि सांगितलं, मंगळवारी संध्याकाळपर्यंत होईल.

"मंगळवारपर्यंत?" मंजुषानं टोपलीकडं बघत विचारलं. तोवर तिला नांदेडला न्यायचं, मग परत आणायचं, की परत आणायचंच नाही, एवढं सगळं त्या एका शब्दात होतं.

हुसेनबीनं बुरखा काढून खुंटीला लावला. सुनेला, अर्शियाला, फोन करून सांगितलं, की लग्नाचे सहा ब्लाउज तूच उरक, मी दोन दिवस लातूरला आहे. मग खुर्ची ओढत उंबऱ्यापाशी नेली, सताड उघड्या दारात आडवी घातली, तिच्यावर बसली आणि टोपलीचं झाकण काढलं. चिकू उडी मारून तिच्या मांडीवर आली, तिथून रस्त्याकडं एकदा बघितलं आणि पंजा चाटायला लागली.

"जा, लेट जरा," ती मंजुषाला म्हणाली. "रंग बघ तुझा. दार उघडं हाय आणि मी दारात हाय."

मंजुषा आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली. बोअरची गाडी परत सुरू झाली होती, ताटल्या वाजत होत्या. बाहेरून हुसेनबीचा आवाज येत होता. जेवायला आलेल्या पोरींना ती खुर्ची जरा सरकवून एकेक करून आत सोडत होती, आणि प्रत्येकीला विचारत होती, की कोणत्या गावची, मार्क किती, आणि इतकी वाळली का.