परीक्षा होईपर्यंत कुणी बोलायचं नाही

मी एक क्रेडिट कार्ड. अंग निळं, अक्षरं सोनेरी, नाव दुसऱ्याचं आणि पैसे तिसऱ्याचे. एवढ्या भांडवलावर मी नांदेडच्या एका सभ्य घरात राहिलो आणि त्या घराचा मान वाढवला, असं तिथली मोठी माणसं समजत होती. त्यांच्या समजुतींवर माझा कधीच इलाज चालला नाही.

माझे मालक अनंतराव मुखेडकर. शाळेतून निवृत्त झालेले, इतिहासाचे मास्तर. त्यांनी मला मागितलं नव्हतं. बँकेतल्या टायवाल्या पोराने त्यांना तीनदा सर म्हटलं, चहा पाजला आणि कागदांच्या गठ्ठ्यावर सह्या घेतल्या. जन्मभर पोरांना "प्रश्न नीट वाचा" म्हणून ओरडलेल्या माणसाने त्यातली एक ओळ वाचली नाही.

घरी आल्यावर चंद्रप्रभाबाईंनी मला हळदीकुंकू लावलं. थोडं कुंकू माझ्या पाठीवरच्या काळ्या पट्टीतही गेलं. पुढे चोरांची त्याने काहीच गैरसोय झाली नाही.

मग माझी रवानगी कपाटात झाली, चांदीच्या तबकाखाली. पाहुणे आले की मला बाहेर काढत, हातात देत, उलटून दाखवत. नवी सूनही एवढी दाखवत नसतील.

त्या घरात माझ्याविषयी काही कळणारी एकच व्यक्ती होती, थोरली मुलगी श्रद्धा. एम.कॉम. झालेली आणि कर सल्लागाराच्या ऑफिसात नोकरी करणारी. खरं तर तिला विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जायचं होतं. मार्कही होते. पण मुलीच्या जातीला रोज एवढं लांब कुठे पाठवायचं, असं ठरलं. विष्णुपुरी नांदेडला लागूनच आहे. धाकट्या मिहिरला मात्र बारावीनंतर डॉक्टरकीच्या क्लाससाठी थेट लातूरला ठेवलं. ते जवळ होतं म्हणे.

"बाबा, हे पैसे आपले नाहीत, उसने आहेत," श्रद्धाने पहिल्याच दिवशी सांगितलं. "आणि याचा पिन कुणाला सांगायचा नसतो."

"तू मला शिकवून राहिलीस का?"

"हाव. कुणीतरी शिकवायला पाहिजे."

पिन अनंतरावांनी स्वतः ठेवला. तीन, शून्य, शून्य, नऊ. तीस सप्टेंबर. भूकंप झाला तेव्हा ते औसा तालुक्यातल्या एका खेड्यात नवे मास्तर होते. त्या पहाटेनंतर त्यांच्या वर्गात पोरांपेक्षा पाट्या जास्त उरल्या. हा आकडा आपण मरेपर्यंत विसरणार नाही, असं त्यांना वाटलं, आणि ते खरंच होतं. अडचण इतकीच की लातूर जिल्ह्यात तो कुणीच विसरलेलं नाही. ज्या तारखेला लाखो माणसं एकदम जागी झाली, ती तारीख गुपित म्हणून निवडणारे मास्तर इतिहासाचेच असू शकतात.

जूनमध्ये मिहिरला सोडायला सगळे लातूरला गेले. मीही गेलो, अनंतरावांच्या शर्टाच्या आतल्या खिशातून. तिथे क्लासच्या गल्लीत पोरांची नुसती जत्रा. एकेका खांबावर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, आणि खाली गाद्या, बादल्या, टेबललॅम्पची दुकानं. बाहेरगावच्या पोराला डॉक्टर व्हायला जे जे लागतं ते सगळं.

अशाच एका दुकानात गादी आणि बादली घेतली आणि पैसे द्यायला मला बाहेर काढलं. दुकानदार मऊ बोलायचा.

"काका, मशीन आत हाय. बाहेर रेंज येत न्हाई. द्या, मी घासून आणतो."

पडद्याआड मला दोनदा घासलं गेलं. एकदा बिलाच्या मशीनमध्ये आणि एकदा काडेपेटीएवढ्या डबीत. दुसऱ्या वेळी काळ्या पट्टीतलं सगळं तिकडे उतरलं. त्यावरून एक नकली कार्ड बनलं, म्हणजे मला एक जुळा भाऊ झाला. बारसं तेवढं राहिलं.

"काका, पिन बोला," आतून आवाज आला.

अनंतरावांना एका कानाने कमी ऐकू येतं. असा माणूस नेहमी दुसऱ्यांना बहिरं समजून बोलतो. "तीन, शून्य, शून्य, नऊ," ते म्हणाले. सगळ्या दुकानाने ऐकलं. "भूकंपाची तारीख."

दुकानदार पडदा सारून बाहेर आला. "आमचे बी दोघं गेले, काका. सास्तूरला. चुलता अन् चुलती."

त्याचं दुःख खोटं नव्हतं. मी त्याच्या हातात होतो, म्हणून सांगतो. अनंतरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दोघांनी मिळून सुस्कारा सोडला. दुकानदाराने बादलीचे पैसे घेतले नाहीत. तिची वसुली पुढे नीट झाली.

ऑगस्टमध्ये अनंतरावांच्या मोबाइलवर पहिला मेसेज आला. लातूरच्या एटीएममधून माझ्यावर रोख रक्कम काढली होती. त्यांनी कपाट उघडलं. मी तबकाखाली गुमान पडून होतो. त्यांनी मला उलटून पाहिलं, जागेवर ठेवलं आणि कपाटासमोरच खाली बसले.

त्यांच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण ओठ हलत होते. "मिहिर," ते म्हणाले. नुसतंच.

आता यात तर्क काय, तर लातूरला पिन माहीत असलेला एकच माणूस होता, त्यांचा मुलगा. गादीच्या दुकानातला तो माणूस त्यांच्या हिशेबातच नव्हता. ज्याने सास्तूरचं दुःख सांगितलं त्याच्यावर संशय घेणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. पोटच्या पोरावर घेणं मात्र बसलं.

महिन्या-दोन महिन्यांत आणखी मेसेज आले. चोर उंदरासारखा होता, थोडं थोडं कुरतडायचा. अनंतराव गुपचूप बँकेत जाऊन भरणा करून यायचे. दसऱ्याला श्रद्धाच्या हाती तो मोबाइल पडला आणि तिने वाचलं.

"बाबा, ही चोरी आहे. आत्ता बँकेला फोन करा, कार्ड बंद करा."

"हळू बोल."

"हळू का? चोर घरात आहे का?"

अनंतराव खिडकीबाहेर बघत राहिले. श्रद्धाला कळायला वेळ लागला नाही.

"मिहिर?" ती म्हणाली. "कार्ड इथे कपाटात आहे. तो तिथे काय बोटाने पैसे काढतो?"

"आजकालच्या पोरांना काय अशक्य आहे? मोबाइलवर सगळं होतं."

"मग त्याला विचारा तरी."

तेव्हा चंद्रप्रभाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. या घरात कायदा त्याच करतात, अनंतराव फक्त जाहीर करतात. "परीक्षा होईपर्यंत कुणी काही बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. "लेकराच्या मनावर परिणाम होईल. भोकरचे मामा वारल्याचं तरी आपण त्याला कुठे सांगितलं?"

"आई, मामांना जाऊन महिना झाला. तो फोनवर त्यांची तब्येत विचारतो आणि तू बरी आहे म्हणतेस."

"मग काय सांगू? मे महिन्यात सांगू की."

लातूरला पोरं ठेवलेल्या घरांतून ही रीतच पडली आहे. मे महिन्यापर्यंत कुणी मरत नाही, कुणी आजारी पडत नाही, घरात भांडणं होत नाहीत. सगळं साठवून ठेवायचं आणि निकालासोबत एकदम वाढायचं. बँकेला ही रीत माहीत नव्हती. तिने आपली व्याजाची गाडी चालू ठेवली.

श्रद्धाने स्वतः बँकेला फोन लावला. बँक म्हणाली, ज्यांचं कार्ड त्यांनाच बोलावं लागेल. आणि ज्यांचं कार्ड ते बोलत नव्हते.

विचारायचं नाही म्हटल्यावर अनंतरावांनी दुसरे उपाय काढले. रोज सकाळी मिहिरला प्रामाणिकपणावर एक सुविचार पाठवायचे, सूर्योदयाच्या चित्रासकट. शिवाय दर महिन्याला जास्तीचे पैसे, म्हणजे पोराला चोरीची गरज पडू नये.

"बाबा, एवढे कशाला पाठवून राहिले?" मिहिर फोनवर विचारायचा.

"असू दे. काही लागलं तर सांगायला लाजायचं नाही. काहीही."

"मला काही लागत नाही."

"नाही ना? बरं," अनंतराव म्हणायचे, आणि फोन ठेवून कपाळ चोळत बसायचे.

दिवाळीला मिहिर घरी आला. भाऊबीजेला चांदीचं तबक काढलं आणि कपाटाचं दार उघडंच राहिलं, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. मिहिर पाटावर बसला होता, टोपी घालून, अवघडून. श्रद्धा ओवाळत होती. तेवढ्यात अनंतरावांचा मोबाइल वाजला.

त्यांनी मेसेज वाचला. मिहिरकडे पाहिलं. पुन्हा मेसेज वाचला. आणि हसायला लागले.

मला खूप माणसांनी हाताळलंय, पण लुटला जाताना इतका सुखी झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. "लातूर," ते म्हणाले. "आत्ता. या मिनिटाला लातूरला पैसे काढलेत. आणि हा इथे बसलाय."

चंद्रप्रभाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि मिहिरच्या ताटलीत दोन लाडू जास्त ठेवले.

"पैसे गेले आणि तुम्ही हसून राहिले?" मिहिर म्हणाला. "ताई, यांना झालंय काय?"

श्रद्धाने तबक खाली ठेवलं. "ओवाळणी नंतर," ती म्हणाली. तिने बँकेचा नंबर लावला, अनंतरावांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला आणि फोन त्यांच्या पुढ्यात धरला.

पलीकडे एक मुलगी होती, सणाच्या दिवशी कामावर आलेली. तिने आधी कार्ड बंद केलं. मी संपलो. तिकडे लातूरला माझा जुळाही त्याच क्षणी संपला. त्यानंतर तिने प्रश्न सुरू केले.

"सर, पिन कुणाला सांगितला होता का?"

"छे. म्हणजे, गादीच्या दुकानात सांगितला. पण तो आपलाच माणूस होता."

श्रद्धाने डोळे मिटून घेतले.

"सर, पहिला मेसेज ऑगस्टमध्ये आलाय. तेव्हाच का कळवलं नाही?"

अनंतरावांनी स्पीकर बंद करायचं बटण शोधलं. त्यांना ते सापडलं नाही. श्रद्धाला माहीत होतं, पण तिने हात पुढे केला नाही.

"मला वाटलं, घरातल्याच कुणीतरी..."

"घरातलं कोण, सर?"

"मुलगा."

"मुलाला विचारलं होतं का?"

"त्याची परीक्षा आहे," अनंतराव म्हणाले.

पलीकडच्या मुलीच्या फॉर्ममध्ये या उत्तरासाठी रकाना नसावा. मग तिने सांगितलं, तक्रार नोंदवली आहे, चौकशी होईल, पण पिन सांगितलेला आणि कळवायला उशीर झालेला, त्यामुळे मागचे पैसे मिळण्याची खात्री देता येत नाही. दिवाळीच्या शुभेच्छा देऊन तिने फोन ठेवला.

मिहिरने टोपी काढली. "म्हणून ते सुविचार होते का? मला वाटलं, रिटायर झाल्यापासून तुम्हाला करमत नाही."

त्याने टोपीची घडी करून पाटावर ठेवली.

"एकदा विचारायचं ना, बाबा. मी नाही म्हटलं असतं. एवढंच तर होतं."

"आणि हो म्हटला असतास तर?" अनंतराव म्हणाले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका हळू ऐकला.

श्रद्धा उठली, मला कपाटातून काढलं आणि कात्रीसह मिहिरच्या हातात दिलं. त्याने मला मधोमध कापलं. मालकाचं नावही मधोमध तुटलं, अनंतरावांचे "अनं" एकीकडे आणि बाकीचे दुसरीकडे.

"मिहिर," अनंतराव म्हणाले, "अजून काही आहे का, जे मी तुला विचारलं नाही?"

"अहो, परीक्षा होईपर्यंत..." चंद्रप्रभाबाईंनी सुरुवात केली.

"आई, बस खाली," श्रद्धा म्हणाली. "आणि मामांचं तूच सांग त्याला. आज."

मिहिरने आधी आईकडे पाहिलं, मग बाबांकडे. "आहे," तो म्हणाला. "पुष्कळ आहे."

आता माझे दोन तुकडे लाडवाच्या ताटलीशेजारी पडले आहेत आणि कुणीतरी केरसुणी शोधत आहे. मला कपाट नको, हळदीकुंकू नको, पाहुण्यांसमोर मिरवणंही नको. फक्त थोडा वेळ मला केरात लोटू नका. पोरगा बोलायला लागलाय, आणि या घरात सगळे त्याचं ऐकून घेताहेत, हे मी पहिल्यांदाच पाहतोय.