उशीखालचा मोजा

नाताळला भिंतीवर प्रत्येकाच्या नावाचा लोकरीचा मोजा टांगायचा आणि त्यावर ज्याची त्याची खोड विणायची, ही त्या घरची रीत. सासऱ्यांच्या मोज्यावर घोरणारं अस्वल होतं. यंदा सासूबाईंचा नवा मोजा सून विणत होती, पण त्यांची चाहूल लागली की तो उशीखाली सारायची. कुठेतरी पाणी मुरतंय, हे सासूबाईंनी तेव्हाच ओळखलं.

सून आंघोळीला गेल्याबरोबर त्यांनी उशी उचलली. मोज्यावर एक बंद दार होतं, आणि दाराला चिकटलेला भलामोठा कान. त्या कानात मोतीसुद्धा त्यांच्यासारखाच.

सासूबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाब विचारायला त्या तरातरा न्हाणीघरापाशी गेल्या. आत सून फोनवर हळू आवाजात कुणाशी तरी बोलत होती. सासूबाईंनी श्वास रोखून दाराला कान लावला.