एकुलती कडी

जरा डोळे मिटा, पोरांनो, आणि उजवी मूठ घट्ट आवळा. समजा, त्या मुठीत पोलादाची एक कडी आहे. जेमतेम रुपयाएवढी. पूर्ण गोल नाही, एका जागी तुटलेली, आणि तुटल्या टोकांना दोन बारीक भोकं. ही हरवली तर तशी दुसरी अख्ख्या नगरात नाही. आता मूठ न उघडता पळा.

राही अशीच पळत होती. त्र्याहत्तर सालचा उन्हाळा होता, दुष्काळाचा. तिचे वडील, म्हणजे तिचे आण्णा, मच्छिंद्र मिस्त्री माळीवाड्यात मोटारसायकली दुरुस्त करत. सकाळीच त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांची गाडी खोलली होती. शरच्चंद्र डॉक्टरांना पाथर्डीकडच्या गुरांच्या चारा-छावणीत घटसर्पाची लस पोचवायची होती. लस बर्फात ठेवलेली. बर्फ संपला की लसही वाया. त्याच छावणीत राहीची आजी गोजरबाई आपली गाय घेऊन राहिली होती. शेजारच्या दावणीची दोन जनावरं काल गेल्याचा निरोप एसटीच्या कंडक्टरनं आणला होता. तेव्हापासून राहीचा पाय एका जागी ठरत नव्हता.

इंजिनात पिस्टन वर-खाली होतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. त्याच्या आरपार एक पिन असते. ती सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना अशी एकेक कडी बसवतात. गॅरेजात तिला सर्क्लिप म्हणतात. ती बसवायला बारीक चोचींची खास पक्कड लागते. मिस्त्रींची पक्कड त्याच आठवड्यात मोडली होती. घाईपोटी त्यांनी साध्या पकडीची टोकं कानशीनं घासली आणि काम भागवायला गेले. कडी टण्णकन उडाली ती थेट गटारात. सगळे डबे पालथे घातल्यावर ही एक जुनी सापडली.

"नवी पक्कड आन. ही कडी संगं ने. भोकात चोच घालून बघ," इंजिनाच्या सांध्यात घालायचं कागदी गॅस्केट कापता कापता मिस्त्री म्हणाले. "दाबल्यावर चोची जवळ यायला पायजेत. लांब जाणारी पक्कड येगळ्या कामाची. आन् पळ, डॉक्टर बर्फ घेऊन येतीलच."

हत्यारांच्या दुकानात काकासाहेब गल्ल्यावर बसले होते. "मिस्त्रीनं पोरीला धाडलं व्हय? आता तूच गाड्या खोलनार का?" म्हणत त्यांनी एक चकचकीत पक्कड पुढं टाकली.

राहीनं दाबून पाहिली. चोची जवळ आल्या. बरोबर. पण कडीच्या भोकात चोच घातली तर ती बापाच्या वहाणेतल्या पोराच्या पायासारखी हलत होती.

"काका, ही खुळखुळतीय."

"समद्या तशाच असत्यात. दाबून तर बघ!"

राहीचा हात थांबला. इथं दाबली आणि कडी निसटली, तर खिळ्यांच्या गोण्यांत ती कुठं शोधायची? आणि न दाबता पक्कड नेली, तर आण्णांच्या हातून निसटेल. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा होऊन गेले होते.

"घेतीस का? मागं गिऱ्हाईक हाय."

"काका, एक काम करा." तिनं खांद्यावरची कापडी पिशवी काढली, कडी आणि पक्कड धरलेले दोन्ही हात आत घातले. "हिचं तोंड माझ्या मनगटापाशी आवळून धरा."

"माकडाचा खेळ हाय का हा?" काकासाहेब कुरकुरले, पण त्यांनी धरलं.

राहीनं आत पक्कड दाबली. टक्! पिशवीच्या कापडाला आतून ठोसा बसला. मागचं गिऱ्हाईक हसलं. काकासाहेब मात्र हसले नाहीत. ते उठले, वरच्या फळीवरून ग्रीसनं माखलेली एक काळी पक्कड काढली.

"काळी हाय म्हणून कुनी हात लावत न्हाई हिला. बघ."

पिशवीत चाचपून राहीनं कडी शोधली. या पकडीची चोच भोकात गच्च बसली. सांध्यातही ढिलेपणा नव्हता. परत पिशवीचं तोंड आवळलं. तिनं एकदा दाबली, दोनदा, तिसऱ्यांदा जोर लावून आणि हात हलवून. कडी आक्रसायची, सैल व्हायची, सुटली नाही.

"हीच द्या!" ती ओरडलीच.

गॅरेजात डॉक्टर येरझारा घालत होते. "मिस्त्री, बर्फ पाणी व्हायला लागला हो!"

मिस्त्रींनी पक्कड जवळजवळ हिसकावूनच घेतली. कडी चोचींत धरून ते पिस्टनवर वाकले. पिस्टनच्या खाली इंजिनचं तोंड आ वासून उघडं होतं. कडी त्यात पडली असती, तर सगळं इंजिनच खोलावं लागलं असतं; म्हणजे दोन दिवस.

"आण्णा, थांबा!"

"आता काय गं?"

राहीनं रिकामी पिशवी उलटी करून दोनदा झटकली, घडी केली, आणि पिस्टनखालच्या त्या तोंडात चारी बाजूंनी कोंबून बसवली. बोटभर फट राहिली होती, तिथं वेणीची रिबीन सोडून खुपसली. मग पिस्टनसमोर दोन्ही हातांची ओंजळ धरली आणि म्हणाली, "दाबा आता."