बुटातला कापूस

दिग्रसची अनघा आणि तिचा धाकटा भाऊ अवधूत एकाच पियानोवर चार हातांनी वाजवायचे, आणि समीक्षक लिहायचे की दोघांचा जीव एक आहे. अनघाला ते वाचून हसू यायचं. जीवबीव काही नाही, सगळी तिच्या डाव्या पायाची करामत होती. अवधूत जरा पुढे पळतोय असं वाटलं की ती बाकाखाली त्याच्या बुटाला कडेने एक ठेवून द्यायची. तो तोंड वाकडं करायचा आणि ताल जागेवर यायचा. शाळेच्या गॅदरिंगपासून पुण्याच्या सभागृहापर्यंत जोडीने जे नाव कमावलं ते या लाथेच्या जोरावर, असं तिचं ठाम मत होतं.

म्हणून मुंबईच्या एका संस्थेने अवधूतला एकट्याला वाजवायला बोलावलं तेव्हा ती म्हणाली, "जाय न. पह्यल्याच पानावर घसरशीन." तो नुसता हसला. ते हसणं तिला आठवडाभर टोचत होतं.

त्यात दोन हजार सहा सालचा तो यवतमाळचा कार्यक्रम आला. आयोजक देवसिंगभाऊंनी हौसेने नागपूरहून दुसरा पियानो आणवून समोरासमोर मांडला होता. "दोघं वाजवणारे अन् पियानो एक, बरं दिसते का?" ते म्हणाले. "लोक म्हनतीन, कापसासारखी पियानोतही मंदी आली."

अनघाने दोन बाकांमधली जागा डोळ्यांनी मोजली. मध्ये दहा फुटांचं अंतर, आणि एवढा लांब पाय काही देवाने तिला दिला नव्हता. अवधूत घसरला तर जिल्ह्यासमोर शोभा होणार. नाही घसरला, तर इतकी वर्षं तिची गरज तरी काय होती? खरं सांगायचं तर दुसरी भीती मोठी होती.

तो घसरला नाही. एका मात्रेनेही नाही. मध्यंतरात टाळ्या थांबेनात आणि अनघा रडायच्या बेताला आलेली. आतल्या खोलीत अवधूत बूट काढून बसला होता. बुटातून कापसाचा दबलेला बोळा अर्धा बाहेर आला होता.

"हे काय हाय?"

"कापूस. सत्त्याण्णवपासून भरून राह्यलो. तवा कापसाले कोनी पुसत नव्हतं, जिनिंग मिलच्या फाटकापाशी पायजे तेवढा पडून होता."

"म्हंजे माही लाथ तुले..."

"कळे, पन एकही नाही लागली."

"मंग तोंड कायले वाकडं करत होता?"

"तुले बरं वाटावं म्हनून."

अनघा खुर्चीत बसली. "मंग ताल कसा सांभाळला?"

"तुया नाकानं. हरेक ओळ उचलायच्या आधी तू जोरात श्वास ओढतं, ताई. दहा फुटांवरूनही आयकू येते. मुंबईले तुहं नाक कुठून आनू? नाही म्हनून कळवलं म्या, कालच."

अनघाला इतका आनंद झाला की तिला त्याचा रागच आला.

मध्यंतरानंतर तिने देवसिंगभाऊंचा पियानो बाजूला सारायला लावला. दोघं एका बाकावर बसली. अवधूत अगदी व्यवस्थित तालात वाजवत असताना तिने पाय जरा वर उचलला आणि जिथे बूट संपतो तिथे, घोट्यावर, एक ठेवून दिली. अवधूत कळवळला आणि खरोखरीच दोन मात्रा पुढे पळाला. अनघाने नाकाने चांगला मोठा श्वास ओढून त्याला परत आणलं.